खात्यावरचं दुसरं नाव

गुरुवारी फोटो काढणारा माणूस आला आणि शनिवारी आत्याबाई आल्या. या दोघांपैकी कोणामुळे घर जास्त हादरलं, हे सांगणं अवघड आहे.

माणूस तसा सभ्य होता. समोरच्या फुटपाथवर उभं राहून त्याने मोबाइलवर घराचे तीन-चार फोटो काढले, फाटकावरच्या नंबराचा एक काढला, आणि थोरली सून कामावरून येऊन कुलूप उघडत होती तेव्हा तिलाच विचारलं, "इथे कोणी राहतं का?"

किल्ली हातात असलेल्या बाईला विचारायचा हा प्रश्न! "आम्ही राहतो," ती म्हणाली.

"मालक?"

"माझे सासरे. सहा महिने झाले त्यांना जाऊन."

पगारात बसेल तेवढं दुःख चेहऱ्यावर आणून त्याने खिशातून एक करडं कार्ड काढलं. "घराच्या कर्जात बरेच महिने काही जमा नाही. घरात कोणी आहे का ते बघून यायला सांगितलंय कंपनीने. पंधरा दिवसांत या नंबरवर बोलून घ्या, नाहीतर प्रकरण वकिलांकडे जाईल. मी काय, फक्त फोटो काढतो."

कार्डावर एक त्रिकोण होता आणि त्याखाली असं एक नाव, जे या घरात कोणी कधीच ऐकलं नव्हतं. घराचं कर्ज हिरव्या पाटीचं होतं. कंपनीचं खरं नाव लांबलचक होतं, पण तिच्या कार्यालयावर मोठी हिरवी पाटी होती, म्हणून बाबा पहिल्या दिवसापासून तसंच म्हणायचे आणि पुढे सगळेच तसं म्हणायला लागले. हिरव्या पाटीचा हप्ता गेला, हिरव्या पाटीने व्याज वाढवलं. आता हे त्रिकोणवाले कुठून उपटले?

त्या रात्री थोरलीला झोप लागली नाही, आणि शुक्रवारी प्रयोगशाळेत तिने एकाच बाटलीतलं पाणी दोनदा तपासलं. ती शहराच्या पाण्याचे नमुने तपासते. गेल्या वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

खरी गोम अशी होती की या घरात कोणाचं काम कोणी विचारत नसे. आजोबांपासूनचा शिरस्ता, एका कामाला एकच धनी. छप्पर गळलं तर थोरला, औषधं आणायची तर धाकटा, दागिने आईंकडे, आणि कर्ज बाबांकडे. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. बाबा गेले तेव्हा बाकीची कामं आपापल्या धन्याकडे राहिली. कर्ज मात्र पोरकं झालं, आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की दुसऱ्या कोणीतरी ते सांभाळायला घेतलं असेल.

शनिवारी दुपारी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. आत्याबाई म्हणजे बाबांची धाकटी बहीण, पण घरात अधिकार मोठ्या बहिणीचा. बोलावल्याशिवाय यायच्या नाहीत आणि बोलावलं नाही तर वर्षभर रुसायच्या. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"आधी मला एक सांगा. कर्ज बघतं कोण?"

आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे बघायचे."

"तो गेला. आता कोण बघतं?"

"मी," थोरला म्हणाला. सकाळीच कुठल्यातरी इमारतीची अडकलेली लिफ्ट सोडवून तो आला होता, नखांत अजून ग्रीस होतं. "बाबांचं खातं बँकेने गोठवलं, त्या महिन्यापासून मी भरतोय. माझ्या पगारातून. हिरव्या पाटीचा तोच नंबर, तोच आकडा. एक महिना चुकलेला नाही."

"भरणं आणि बघणं यात फरक आहे, दादा," धाकटा म्हणाला. तो औषधं विकत गावोगाव फिरायचा आणि बोलणं हीच त्याची भाकरी होती. "पण मला विचारशील तर हा सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. माझ्या ओळखीच्या एका दातांच्या डॉक्टरला असंच गंडवलं. कार्ड, फोन, गोड आवाज. घरात माणूस गेलाय हे कळलं की हे लोक बरोबर हेरतात. कार्ड फाडून टाका आणि विषय संपवा."

"आणि पंधरा दिवसांनी वकील आला तर?"

"येऊ दे की! वकील काय घर उचलून नेतो?"

"तुझं काय जातंय? तू राहतोस भाड्याने," थोरला म्हणाला. "मी काल फोन केला त्या नंबरवर. बाई म्हणाली, आजच्या आज निम्मी रक्कम भरा, मी केस थांबवते. खात्याचा नंबरही पाठवलाय तिने." त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. "मी म्हणतो, भरून टाकू. बँकेत आमचं जे काही आहे ते. उद्या खोटं निघालं तर माझे पैसे गेले. पण खरं असलं आणि नाही भरलं तर आईने कुठे जायचं?"

त्याचा अंगठा मोबाइलच्या काचेवर होता. थोरलीने तो अंगठा बघितला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीच्या शिक्षणासाठी जमवलेलं सगळं त्यात होतं.

"थांबा हो," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. घरच्या बैठकांमध्ये ती चहाचं विचारायची, बाकी फारसं बोलायची नाही.

"आमच्याकडे पाण्याची बाटली आली की मी आधी पाणी बघत नाही, वरची चिठ्ठी बघते. कोणी भरली, कोणी आणली, कोणाच्या हातून कोणाच्या हातात आली. मधला एक जरी हात सापडला नाही तरी ती बाटली मी परत पाठवते. आपलं कर्ज हिरव्या पाटीकडे होतं. तिथून ते कोणाकडे गेलं, की गेलंच नाही, हे हिरवी पाटीच सांगेल. कार्डावरच्या नंबरला विचारून काय उपयोग? चोर असला तरी तो स्वतःला सावच म्हणणार."

"बोलली एकदाची!" आत्याबाई म्हणाल्या. कौतुक होतं की टोमणा, ते त्यांचं त्यांना ठाऊक. "करा फोन. शनिवारी लवकर बंद करतात ना ते लोक?"

थोरल्याने अंगठा काचेवरून उचलला. थोरलीची एक भीती सरली आणि लगेच दुसरी उभी राहिली. हिरवी पाटी पहिला प्रश्न काय विचारणार हे या टेबलाशी दोघींनाच माहीत होतं. एक ती. दुसऱ्या आई. आईंनी समोरून तिच्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी, नाही अशी हलवली.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरल्याचं लिफ्टच्या सुट्या भागांचं दुकान तेव्हा नुकतंच बुडालं होतं. भागीदार रातोरात पसार झाला आणि देणी याच्या गळ्यात पडली. त्याच सुमारास बाबा भाड्याचं हे घर विकत घ्यायला निघाले होते. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला एकट्याच्या नावावर कर्ज कोण देणार? बरोबर कमावतं माणूस हवं होतं. हिरव्या पाटीच्या साहेबाने थोरल्याचं नाव कॉम्प्युटरवर घातलं आणि नुसती नकाराची मान हलवली. बाबा घरी आले ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. सुनेची नोकरी कायमची होती, पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला होत होता.

"त्याला कळू द्यायचं नाही," रस्त्याने चालताना ते म्हणाले होते. "तो आधीच खचलाय. बापाने आपल्याला बाजूला काढून बायकोला पुढे केलं असं वाटलं तर तो उठणार नाही परत. कर्ज फिटलं की मीच सांगेन त्याला. तोवर झाकली मूठ."

कार्यालयात साहेबाने तिला वरून खालपर्यंत बघून बाबांना विचारलं होतं, "यांचे मिस्टर नाही आले?" तिला इतकं अवघडल्यासारखं झालं की पेन धरता येईना. बाबांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "ही माझ्याबरोबर आहे." तेवढंच. पण त्या एका वाक्याने तिचा हात स्थिर झाला होता.

पत्रं घरी यायला नकोत म्हणून पत्ता प्रयोगशाळेचा दिला. आणि थोरल्याला बाबांनी एक दिवस टेबलाशी बसवून कुठल्याशा कागदावर सही करायला सांगितली. "ही तुझी सही. हिच्यावर घर उभं राहणार बघ." तो खरंच उठला. नोकरी धरली, देणी फेडली. पाहुणे आले की भिंतीवर हात ठेवून म्हणायचा, "माझ्या सहीवर उभं आहे हे." थोरली तेव्हा स्वयंपाकघरात जायची.

फोन लागला. साखरेच्या डब्याला टेकवून थोरल्याने तो उभा केला आणि आवाज मोठा केला. पलीकडे एक तरुण आवाज होता. कर्जाचा नंबर थोरल्याला पाठ होता, त्याने तो न अडखळता सांगितला. बाबा गेल्याचं सांगितलं.

"ऐकून वाईट वाटलं, सर. आमच्याकडे ही नोंद नाही."

"बँकेला कळवलं होतं आम्ही."

"बँक वेगळी, आम्ही वेगळे, सर. आमच्याकडेही कळवायला हवं होतं. मी आता टिपून घेते. पण पुढची माहिती मी फक्त सहकर्जदारांनाच देऊ शकते. आपलं नाव?"

थोरल्याने खुर्ची पुढे ओढली आणि संपूर्ण नाव सांगितलं. जन्मतारीखही न विचारता सांगितली. पलीकडे कॉम्प्युटरच्या कळा वाजल्या.

"माफ करा, सर. या नावाची व्यक्ती खात्यावर नाही."

"नाही कशी? परत बघा. मी मोठा मुलगा. माझी सही आहे कागदांवर."

"मी दोनदा बघितलं. खात्यावर दुसरं नाव आहे, पण ते आपलं नाही."

"मग कोणाचं आहे?"

"ते मला सांगता येणार नाही, सर. ती व्यक्ती स्वतः बोलली तरच." आवाज थोडा घुटमळला. "आपण हवं तर आपसात बोलून घ्या. मी थांबते लाइनवर."

आपसात बोलून घ्या म्हणे! परक्या पोरीला काय कल्पना, या घरातली माणसं आपसात बोलायला लागली तर काय होतं ते.

"माझं असेल," आई घाईने म्हणाल्या आणि फोनकडे वाकून त्यांनी आपलं नाव सांगितलं. तेही नाही, असं उत्तर आलं. ते येणार हे आईंना ठाऊक होतं. त्यांना फक्त वेळ काढायचा होता. थोरलीने ते ओळखलं आणि तिला सासूची कीव आली.

आत्याबाईंनी मोर्चा धाकट्याकडे वळवला. "तू! भाऊ अंथरुणावर होता तेव्हा महिनाभर इथे येऊन राहिला होतास. उगाच नाही पाझर फुटला तुला. घेतलंस ना नाव लावून?"

"आत्या, तोंड सांभाळून बोल! मी बाबांची औषधं बघायला आलो होतो. मला घर हवं असतं तर सरळ मागितलं असतं."

"सरळ? तू? सरळ?"

"सांग बाई तूच फोनवरची," धाकट्याने डब्याकडे बघून आपलं नाव सांगितलं, "आहे का हे?"

"नाही, सर."

"ऐकलं?" तो खुर्चीतून अर्धा उठला होता. लाल झालेला चेहरा घेऊन तो भावाकडे वळला. "दादा, आता मी एक विचारतो. वाईट वाटून घेऊ नकोस. तू खरंच हप्ते भरलेस ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे खात्यात काही जमा नाही असं तो माणूस म्हणतो. खात्यावर तुझं नाव नाही असं ही म्हणते. आणि दुकानाच्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत तू सांगत होतास, सगळं व्यवस्थित आहे म्हणून."

आत्याबाईसुद्धा गप्प झाल्या, आणि ते सगळ्यात वाईट होतं, कारण त्या विचार करत होत्या. आईंनी थोरल्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात अर्धा क्षण का होईना, शंका होती. आईच्या डोळ्यांतली शंका लपत नाही. थोरल्याने ती बघितली.

त्याने मोबाइल उचलला. "दाखवतो. थांब, दाखवतो. सगळं आहे यात." फोन हातात आल्यावर पलीकडून "हॅलो? सर?" ऐकू आलं, त्याने दचकून तो परत ठेवला, परत उचलला. हवं ते पान सापडेना. घामेजलेल्या अंगठ्याने काच सरकत नव्हती. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, बारा मजल्यांच्या पोकळीत एका दोरावर उभा राहून काम करणारा, आणि स्वतःच्या घरात त्याचे हात चालत नव्हते.

थोरलीला ते बघवेना. नऊ वर्षं ज्याची इभ्रत राखायला ती तोंड मिटून बसली, त्याची इभ्रत तिच्या गप्प बसण्यामुळेच चव्हाट्यावर आली होती. बोलली तर तो मोडणार, नाही बोलली तर घरही जाणार आणि तो चोर ठरणार. आई अजून मान हलवत होत्या.

"ते नाव माझं आहे," ती म्हणाली.

"कोण बोलतंय?" फोनने विचारलं.

"सहकर्जदार. मी त्यांची मोठी सून." तिने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, माहेरचं आडनाव सांगितलं. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. नवऱ्याकडे बघायचं तिने टाळलं.

"धन्यवाद, मॅडम. पडताळणी झाली. आपल्याजवळ कोणी असेल आणि त्यांच्यासमोर नको असेल तर स्पीकर बंद करू शकता."

"नको. सगळ्यांना ऐकू दे. आधी मला एवढंच सांगा, गेले सहा महिने आम्ही भरलेले हप्ते तुमच्याकडे पोहोचले का?"

कळा वाजल्या. "हो, मॅडम. सहाही आलेत."

"एकही चुकला नाही?"

"एकही नाही."

आता तिने धाकट्याकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली.

पुढचं हळूहळू उलगडलं. हिरव्या पाटीने मागच्या वर्षी बरीचशी कर्जं दुसऱ्या कंपनीकडे सोपवली होती, त्यात हेही होतं. नाव तेच निघालं, कार्डावरचं. कर्ज तेच, व्याज तेच, मुदत तीच. फक्त हप्ते घेणारे आणि हिशेब ठेवणारे बदलले होते. बाबांच्या बँकेतून आपोआप जाणारा हप्ता बाबा होते तोवर नव्या जागी जात राहिला. ते गेले, खातं गोठलं, आणि थोरल्याने इमानेइतबारे हप्ते जुन्या नंबरावर भरायला सुरुवात केली. जुनं खातं बंद होतं. पैसे तिथे दारातच बसून राहिले आणि त्रिकोणवाल्यांच्या दप्तरी हे घर सहा महिने कर्जबुडवं ठरलं.

"आम्हाला कोणी कळवलं का नाही?" थोरलीने विचारलं.

"दोन्ही कंपन्यांनी कळवलंय, मॅडम. खात्यावर एकच मोबाइल नंबर आहे, त्यावर फोन केले होते." तो मोबाइल बाबांच्या चष्म्याशेजारी कपाटात बंद पडून होता. "आणि पत्रं आपल्या पत्त्यावर पाठवली. पाणी तपासणी प्रयोगशाळा, जुनी इमारत, पहिला मजला. बरोबर आहे ना?"

थोरलीने डोळे मिटले. प्रयोगशाळा मागच्या वर्षीच गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत गेली होती. जुनीला कुलूप होतं. पत्रं येईनाशी झाली तेव्हा बाबा आजारी होते, तिला उलट बरं वाटलं होतं, पत्र नाही म्हणजे तक्रार नाही. बाटलीवरची प्रत्येक चिठ्ठी वाचणाऱ्या बाईने स्वतःच्या घराची चिठ्ठी बघितली नव्हती.

"आता काय करायचं?"

"सोमवारी आपण स्वतः आमच्याकडे या. ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला आणा. कर्ज सोपवल्याचं पत्र देऊ, अडकलेले हप्ते तिकडे पाठवायचा अर्ज भरून घेऊ. मग ते घेऊन त्यांच्या कार्यालयात जा, पत्ता देते. हप्ते वेळेवर भरल्याचं दिसलं की वकिलांपर्यंत जायचं कारण उरणार नाही."

"आणि कार्डावरचा नंबर?"

तिने तो वाचून दाखवला. पलीकडे जरा वेळ गेला. "हा त्यांच्या कार्यालयाचा नंबर नाही, मॅडम. बाहेरची माणसं नेमलेली असतात, त्यांच्यापैकी कोणाचा असेल. कोणी फोनवरून खातं नंबर पाठवला असेल तर त्यात काही भरू नका. खात्याचा नंबर कार्यालयात जाऊन, त्यांच्या कागदावर घ्या."

थोरल्याचा अंगठा जिथे टेकला होता, त्या काचेवर अजून घामाचा ठसा होता.

फोन बंद झाला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण सगळे थोरल्याकडे बघत होते आणि तो आईकडे.

"मग मी सही केली ती कशावर?"

"जाऊ दे ना आता," आई म्हणाल्या.

"आई. मी कशावर सही केली?"

आईंनी पदराचं टोक सोडलं. "पाण्याच्या नव्या जोडणीचा अर्ज होता तो."

थोरल्याने खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, टेबलाला नीट लावली आणि बाहेर गेला. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं.

आई तिच्यावर उलटल्या. "शब्द दिला होतास तू त्यांना! गेलेल्या माणसाचा शब्द मोडलास. त्याच्या तोंडाकडे बघितलंस?"

"बघितलं, आई. तुम्ही बघत होता तेव्हा मीही बघितलं."

आणि तेवढ्यात जे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं ते झालं. पंचवीस वर्षं थोरलीच्या चहात साखर कमी-जास्त काढणाऱ्या आत्याबाई तिच्या बाजूने उभ्या राहिल्या.

"पुरे गं वहिनी. माझाच भाऊ होता तो, मी सांगते. मन मोठं होतं, पण लपवाछपवीची खोड होती त्याला. शब्द राखायचा म्हणून घर घालवायचं काय? हिने नऊ वर्षं सांभाळलं, आज सोडलं. बरोबर वेळी सोडलं." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "आणि तू. ऊठ, भावाची माफी माग."

"वहिनी..." धाकटा पुटपुटला.

"माझी नको मागूस," थोरली म्हणाली. "आणि आत्ता त्यांच्याकडेही जाऊ नकोस. मी जाते."

तो फाटकाजवळ उकिडवा बसला होता. जमिनीतल्या चौकोनी खड्ड्यावरचं लोखंडी झाकण त्याने उचलून बाजूला ठेवलं होतं. आत पाण्याचा मीटर होता, त्यावर धूळ, एक मेलेलं झुरळ, आणि काचेखाली हळूहळू फिरणारा लाल काटा. घरात कोणीतरी नळ सोडला असावा.

ती शेजारी उभी राहिली.

"हा माझा," तो मीटरकडे बघत म्हणाला. "एवढा तरी माझा आहे ना? का हाही दुसऱ्या कोणाच्या नावावर निघेल सोमवारी?"

"तुमचाच आहे."

"पाहुण्यांना भिंत दाखवायचो मी. तू आत निघून जायचीस. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक ऐकून लाजतेस." तो हसला, पण ते हसणं लगेच मोडलं. त्याने बाहीने नाक पुसलं. "वेडा झालो ना गं मी? नऊ वर्षं."

"वेडे नाही हो. तुम्ही उठलात त्या सहीवर. देणी फेडलीत, आमचं सगळं केलंत. ते काही खोटं नव्हतं."

"बाबांना वाटलं, मला झेपणार नाही."

"तेव्हा झेपलं नसतं," ती म्हणाली. खरं बोलायला एकदा सुरुवात झाली होती, आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मलाही तसंच वाटलं. पण नंतर झेपलं असतं. तेव्हा मी सांगायला हवं होतं. मला भीती वाटली."

"कसली?"

"आत्ता जे झालं त्याची."

त्याने खड्ड्यात हात घालून मीटरची काच अंगठ्याने पुसली. बराच वेळ पुसत राहिला. लाल काटा थांबला. घरातला नळ कोणीतरी बंद केला होता.

"अजून काही आहे का, जे मला माहीत नाही?"

"नाही."

"नक्की?"

"आत्याबाई माझ्या बाजूने बोलल्या."

त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. "खोटं!"

"देवाशपथ."

या वेळी तो खरंच हसला, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याने झाकण उचलून खड्ड्यावर बसवलं, पायाने दाबलं आणि उभा राहिला. राग गेला नव्हता. तो इतक्या लवकर जाणारही नव्हता, हे तिला कळत होतं. रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपेल, उद्या कामाचं निमित्त काढून बाहेर जाईल.

"सोमवारी मी सोडतो तुला त्या हिरव्या पाटीपर्यंत," तो म्हणाला. "बाहेर थांबतो."

"बाहेर का?"

"आत तुलाच बोलावतील. खात्यावर नाव तुझं. मला विचारतील, तुम्ही कोण? काय सांगू?"

थोरलीला सरकवलेली ती खुर्ची आठवली, आणि हातात स्थिर झालेलं पेन.

"तुम्ही काही सांगू नका," ती म्हणाली. "मी सांगेन, हे माझ्याबरोबर आहेत."